मोटारसायकलचे एक चाक बदलावे की दोन्ही? लांबच्या प्रवासाआधीची तपासणी आणि निर्णय

पावसाळा सरून कार्तिक लागला की इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेत म्हणा किंवा सुदामानगर-लोकमान्यनगरात म्हणा, मोटारसायकलवरून दूरवर जाण्याचे बेत सुरू होतात. कोणी धुळे-नाशिकमार्गे पुण्याला निघतो, तर कोणी ओंकारेश्वराला संकल्प सोडून गाडीवरून नर्मदा परिक्रमेला जातो. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. म्हणजे दोन्ही तीर धरले तरी अंतर २६०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि गाडीरस्त्याच्या वळणांमुळे त्याहून बरेच अधिक भरते. नेमक्या याच दिवसांत ओळखीची तरुण मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: "पावसात चाक गेलंय, मिस्त्री म्हणतो दोन्ही बदलून टाका, काय करू?"

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. जे चाक निकामी झाले आहे तेवढेच बदलावे. परंतु निकामी झालेले चाक एकच आहे, हे दोन्ही चाके सारख्याच काळजीने तपासल्याशिवाय ठरवू नये. दोन्ही चाके बदलायची असतील, तर त्यामागचे कारणही दोन्ही चाकांना लागू पडणारे असले पाहिजे. हे कारण कसे ओळखायचे, ते पुढे क्रमाने सांगतो.

त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आमच्याकडे दुकानात ‘चक्का’ म्हटले की त्यात टायरही येतो आणि रिमही येते, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. या लेखात चाक म्हणजे रिम, मधला हब आणि त्यांना जोडणारे स्पोक, किंवा हे सगळे एकसंध ओतलेले अलॉय. टायर, ट्यूब, डिस्क प्लेट आणि बेअरिंग या चाकावर बसणाऱ्या, पण स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या वस्तू आहेत. टायर झिजतो, म्हणून त्याचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडता येतो. चाक तसे झिजत नाही. ते वाकते, तडकते, गंजते किंवा वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. दुकानात गेल्यावर आपल्याला नेमके काय हवे आहे ते ‘रिम’, ‘पूर्ण व्हील’, ‘टायर’ असे वेगवेगळे सांगावे आणि लेखी अंदाजपत्रकातही ते वेगवेगळे लिहून घ्यावे.

पहिली पायरी: दोन्ही चाकांची तपासणी

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे, म्हणून तिला एक पूर्ण सकाळ द्यावी. गाडी धुऊन कोरडी करावी आणि मधल्या स्टँडवर घ्यावी. मधला स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड (गाडी उचलून उभी धरणारी वेगळी घोडी) मागून आणावा. दगड-विटांवर गाडी उचलू नये. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरावी. मग टॉर्च घेऊन रिमची कड दोन्ही बाजूंनी आधी डोळ्यांनी आणि नंतर बोटाने तपासावी. डोळ्यांना न दिसलेला पोचा बोटाला लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. जिथे काही लागेल तिथे खडूने खूण करावी आणि ती जागा हवेच्या वॉल्वपासून किती अंतरावर आहे ते कागदावर टिपून ठेवावे.

यानंतर ‘आऊट’ पाहायचा. चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे सरकते तो बाजूचा आऊट, आणि वर-खाली होते तो उभा आऊट. पुढच्या फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्याला), आणि मागे स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला), एक नायलॉनची पट्टी आवळून तिचे टोक रिमच्या कडेपासून अगदी थोड्या अंतरावर येईल असे कापावे, आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक आणि रिम यांच्यातील फट कुठे वाढते, कुठे घटते, ते लगेच दिसते. लक्ष रिमवर ठेवावे, टायरवर नाही. कारण टायर रिमवर नीट बसला नसेल तर रिम सरळ असतानाही तो लचकताना दिसतो. अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत रिमच्या आऊटची कमाल मर्यादा सुमारे २ मिलिमीटर दिलेली असते. काहींत ती याहून कमी असते, म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे. डायल गेज जवळ नसेल तर २ मिलिमीटरच्या ड्रिल बिटाचा मागचा गुळगुळीत दांडा मापासाठी वापरता येतो. सर्वांत कमी फटीच्या जागी पट्टी रिमला जेमतेम टेकेल अशी ठेवावी. सर्वांत जास्त फटीच्या जागी दांडा सहज आत शिरला तर आऊट मर्यादेच्या बाहेर गेला, असे समजावे.

आऊट दिसला म्हणून दोष रिमचाच असतो असे नाही. चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून आलटून पालटून ढकलावे. खट्-खट् लागले तर बेअरिंग संपले असण्याची शक्यता आहे, आणि बेअरिंग बदलण्याचा खर्च चाकाच्या खर्चापुढे किरकोळ असतो. पुढच्या बाजूला मात्र आणखी एक खात्री करून घ्यावी: फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवल्यावर खटका लागत असेल, तर तो चाकाचा नसून हँडलखालच्या कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगांचा असतो. सैल कोनसेट असलेल्या गाडीचे पुढचे चाक निष्कारण बदलले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

स्पोकचे चाक असेल तर लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारावी. ताणलेला स्पोक टणत्कारतो, सैल स्पोक भद्द वाजतो. कान तयार व्हायला एक फेरी लागते, पण दुसऱ्या फेरीत नवख्यालाही फरक कळतो. स्पोक बहुधा हबजवळच्या बाकावर तुटतो, त्यामुळे तिथे गंज किंवा बारीक चीर आहे का ते पाहावे. रिमवर जिथून निपल (स्पोक आवळायचा लहान नट) बाहेर येते त्या भोकांभोवती गंजाचा लाल ओघळ दिसला, तर गंज आतून आला आहे असे समजावे आणि टायर उतरवून आतली बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अलॉयची तपासणी वेगळी आहे. त्याच्या चिरा केसासारख्या असतात आणि बहुतेक वेळा आरा रिमला किंवा हबला मिळतो त्या कोपऱ्यात लपलेल्या असतात. जागा स्वच्छ करून तिथे रॉकेल लावावे, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे आणि वरून खडूची पूड भुरभुरावी. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल पुडीला ओले करते आणि काळपट रेघ उमटते. याच कामासाठी रंगीत स्प्रेही मिळतात, पण घरी हा उपाय पुरतो. ट्यूबलेस टायरची हवा रात्रभरात दोन-तीन पौंडांनी उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. पोचा आलेल्या जागीच टायरची कड नीट बसत नाही आणि हवा तिथूनच जाते.

हे सगळे दोन्ही चाकांना करायचे, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर खंडवा रस्त्यावर भेरू घाट उतरताना एका खड्ड्यात गाडी सणसणीत आदळली. मागे पत्नी बसली होती आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा भरलेल्या होत्या. पुढच्या रिमला पोचा स्पष्ट दिसत होता, म्हणून दुकानात तेवढी रिम बदलून घेतली आणि मी निश्चिंत झालो. त्यानंतर साठच्या वर गाडी थरथरू लागली. मी नव्या रिमवर संशय घेतला, दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, पुढचे बेअरिंग बदलले, आणि महिनाभर त्याच अवस्थेत गाडी चालवली. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी काही न बोलता मागचे चाक उचलून फिरवले, तेव्हा मागच्या रिमला ३ मिलिमीटरचा उभा आऊट निघाला आणि दोन स्पोक हाताने हलत होते. एकच खड्डा दोन्ही चाकांना भेटतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पुढच्या चाकावर ब्रेक दाबल्यामुळे भार आलेला असतो, तर मागच्या चाकावर माणसाचे आणि सामानाचे ओझे असते. म्हणून धक्का दोघांनाही बसतो, दिसतो मात्र बहुधा पुढच्याचा. खड्डा टाळता येणे शक्य नसेल तर त्याच्या काठावर पोहोचण्याच्या क्षणी ब्रेक सोडावा. दाबलेल्या फोर्कला आणखी दबायला कमी जागा उरते आणि जास्त मार रिमवर जातो.

आपल्या माळव्यात हे अधिक जपावे लागते. इथली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, त्यामुळे रस्त्याखालचा थर हलतो आणि डांबराच्या कडा तुटून खड्ड्याला धारदार काठ येतो. उथळ पण धारदार काठाचा खड्डा रिमला खोल पण उताराच्या खड्ड्यापेक्षा जास्त इजा करतो. त्यात टायरमध्ये हवा कमी असेल तर रिम वाचणे कठीण असते.

दुसरी पायरी: दुरुस्त होणारे आणि न होणारे

स्पोकच्या चाकाचा मोठा गुण हा की त्याचा बाजूचा आऊट स्पोक आवळून-सैल करून काढता येतो. हे काम करणारे जुने हात इंदुरात अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी एखादा मिळाला तर त्याच्याकडेच जावे. मात्र रिमला चपटा पोचा आला असेल तर स्पोक ओढून तो बाहेर येत नाही. ओढाताणीत रिम वरवर गोल दिसते, पण त्या भागातील स्पोकांचा ताण शेजारच्यांपेक्षा फार वेगळा होतो आणि लांबच्या प्रवासात तेच आधी तुटतात. एक-दोन स्पोक तुटले असतील तर तेवढे बदलावेत. एकामागून एक तुटत असतील तर सगळा संच बदलावा, कारण बाकीचेही तितकेच थकलेले असतात. हब सहसा धडधाकट असतो, तेव्हा ‘पूर्ण व्हील’ घेण्याऐवजी नवी रिम आणि नवे स्पोक त्याच हबवर भरून घेता येतात. खर्च बराच कमी होतो, आणि डिस्क व एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) मूळ जुळणी हलत नाही.

अलॉयच्या बाबतीत मी कठोर आहे. चीर असलेले अलॉय वेल्डिंग करून वापरू नये, मग ते पुढचे असो वा मागचे. ओतीव ॲल्युमिनियमला कारखान्यात ठराविक तापमानावर तापवून आणि थंड करून जी ताकद आणलेली असते, ती वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी नाहीशी होते. वरचा टाका कितीही सुबक दिसला तरी शेजारची धातू कमजोर झालेली असते. चीर नसलेला, कडेपुरता लहान पोचा प्रेसवर सरळ करून देणारे लोक आहेत. असे मागचे चाक शहरातल्या वापरासाठी, आणि सरळ केल्यानंतर रॉकेलची परीक्षा पुन्हा करून, मी चालवून घेईन. पुढचे चाक असे सरळ करून, सामान बांधून, हमरस्त्यावर नेणार नाही. पुढच्या टायरची हवा एकाएकी गेली तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही.

तिसरी पायरी: एक की दोन्ही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. "एकच बदललं तर बॅलन्स बिघडेल", हा दोन्ही चाकांच्या बाजूने दिला जाणारा नेहमीचा मुद्दा आहे आणि तो चुकीचा आहे. बॅलन्सिंग प्रत्येक चाकाचे त्याच्या स्वतःच्या एक्सलभोवती होते. पुढच्या चाकाच्या वयाशी मागच्याचा काही संबंध नसतो. चपलांचा एक पाय हरवला तर दुसरा निरुपयोगी होतो, तसे चाकांचे नाही. लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्यांची चाके मुळातच वेगवेगळ्या मापांची असतात. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ ला पुढे २१ आणि मागे १७ इंची चाक आहे, नव्या क्लासिक ३५० ला १९ आणि १८, तर हिरो एक्सपल्स २०० ला २१ आणि १८. बजाज डॉमिनार ४०० ची दोन्ही चाके १७ इंची असली तरी पुढचा टायर ११० आणि मागचा १५० मिलिमीटर रुंद आहे. तेव्हा एक चाक निकामी, दुसरे सर्व परीक्षांत उत्तीर्ण, आणि त्याच नमुन्याचे नवे चाक उपलब्ध, अशी स्थिती असेल तर एकच बदलावे आणि उरलेला पैसा चांगल्या टायरवर खर्च करावा. एक चाक चकचकीत आणि दुसरे मळकट दिसते, हे कारण प्रवासाच्या दृष्टीने कारण नव्हे.

दोन्ही बदलण्याची खरी कारणे मोजकी आहेत. दोन्ही चाके आऊटच्या मर्यादेबाहेर असतील, तर प्रश्नच उरत नाही. दोन्ही स्पोक-रिम निपलच्या भोकांपाशी आतून गंजल्या असतील, तर आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरी अशी वेळ येते. मजुरी दोनदा द्यावी लागते आणि दुसरी वेळ कुठल्या गावी येईल हे सांगता येत नाही. गाडीचे मॉडेल बंद होऊन सुटे भाग दुर्मीळ होत असतील आणि आज जोडी मिळत असेल, तर घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे; लगेच बसवायलाच हवी असे नाही. आणि ट्यूबचे चाक सोडून ट्यूबलेसकडे जायचे असेल, तर दोन्ही चाकांचा विचार एकत्र करावा लागतो. या शेवटच्या कारणाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नवख्यांचे बहुतेक पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात.

ट्यूबच्या चाकात खिळा शिरला की चाक उतरवणे, टायर काढणे, ट्यूब बदलणे असा सगळा व्याप होतो. ट्यूबलेसमध्ये बाहेरूनच दोरा भरून दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघता येते. नर्मदेच्या दक्षिण तटावर, जिथे पुढचे गाव तासभर दूर आहे, तिथे हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून अनेकजण स्पोकच्या रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ती ट्यूबलेस करून घेतात. निपलची भोके नीट बंद झाली तर हवा टिकते, हे खरे. परंतु खऱ्या ट्यूबलेस रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड अडवून धरणारा एक उंचवटा असतो. ट्यूबसाठी बनवलेल्या अनेक रिमांना तो नसतो. चालत्या गाडीत हवा गेली की उंचवट्याच्या रिमवर टायर जागेवर राहण्याची शक्यता जास्त असते. उंचवटा नसेल तर कड घसरून मध्यभागच्या खोबणीत पडते. रिमवर मापाबरोबर ‘एमटी’ ही अक्षरे कोरलेली असतील तर तिचा आकार ट्यूबलेसचा आहे. ‘डब्ल्यूएम’ असेल तर तो जुना, ट्यूबचा आकार आहे. ‘डब्ल्यूएम’ रिम सील करून प्रवासाला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेली अलॉय चाके किंवा मुळात ट्यूबलेस म्हणून बनवलेली स्पोकची चाके घ्यावीत.

ही चाके महाग असल्यामुळे पुढचा प्रश्न येतो: एकच घेता येत असेल तर कोणते? पंक्चर मागच्या चाकाला अधिक होतात, कारण पुढचे चाक पडलेला खिळा उडवून उभा करते आणि मागचे त्यावर चढते. मागचे चाक उतरवणेही जास्त कटकटीचे असते, साखळी सैल करावी लागते आणि सामान सोडावे लागते. दुसऱ्या बाजूला, पुढच्या चाकाची हवा जाणे जास्त धोक्याचे असते. सगळे तोलून मी मागचे चाक आधी ट्यूबलेस करण्याचा सल्ला देतो, मात्र पुढे नवी, चांगल्या जाडीची ट्यूब घालूनच. पुढे स्पोक आणि मागे अलॉय असे मिश्रण कंपनीच्या मापात असेल तर यांत्रिक दृष्ट्या अपाय नाही. फक्त दोन्ही प्रकारच्या पंक्चरचे सामान बरोबर बाळगावे लागते.

चौथी पायरी: जुळणारे चाक निवडणे

नवख्याने व्यास कधीही बदलू नये. हिशेब करून पाहा: २१ इंची रिमवरच्या ९०/९० टायरचा (९० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के) एकूण व्यास सुमारे ६९५ मिलिमीटर भरतो, १९ इंची रिमवरच्या १००/९० टायरचा सुमारे ६६३. म्हणजे गाडीचे नाक १६ मिलिमीटरने खाली येते, हँडलचे वळणे बदलते, आणि चाक त्याच अंतरात जवळपास ५ टक्के जास्त फेरे घेते. एबीएसचा संगणक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांची सतत तुलना करत असतो. हे प्रमाण बिघडले की दिवा पेटतो किंवा ब्रेक नको तेव्हा धडधडतात. रिमची रुंदीही मूळ मापाचीच हवी, कारण अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो आणि वळताना जमिनीला नीट टेकत नाही.

जुन्या बाजारातून चाक घेणाऱ्यांनी हबकडे विशेष लक्ष द्यावे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस २०१८-१९ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीच्या हबवर एबीएसला चाकाच्या फेऱ्या मोजून देणारी दातेरी कडी बसवण्याची सोय नसू शकते, बाकी सगळे हुबेहूब असले तरीही. छोटी ग्वालटोलीत सुटे भाग पाहायला जाताना जुने चाक बरोबर न्यावे किंवा निदान एक्सलची जाडी, डिस्कच्या बोल्टांमधले अंतर, स्पेसरची लांबी आणि बेअरिंगवरचा क्रमांक लिहून न्यावा. नव्या रिमवर आयएसआयची खूण पाहावी. वापरलेले अलॉय घ्यायचेच असेल तर रंग दिलेले घेऊ नये. ताजा रंग चीर आणि वेल्डिंग दोन्ही झाकतो.

पाचवी पायरी: विमा आणि कायदा

अपघातात चाक गेले असेल आणि सर्वसमावेशक विमा असेल, तर काहीही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवावे. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक ते दोन वर्षांच्या गाडीला १० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. फक्त टायर-ट्यूब फाटले तर ती भरपाई मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तर टायर-ट्यूबच्या निम्म्या किमतीपर्यंत मिळते. दावा केल्यावर दावा न केल्याबद्दल मिळणारी पुढच्या हप्त्यावरची सवलत जाते, आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असू शकते. एका रिमसाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. जुन्या गाडीच्या एका रिमपुरता तो बहुधा तोट्याचा निघतो. कंपनीने न दिलेल्या मापाची किंवा प्रकारची चाके बसवणे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकते, आणि पुढे अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. त्यामुळे कंपनीची अधिकृत अलॉय चाके घेतली तरी त्यांचे बिल जपून ठेवावे.

सहावी पायरी: बसवणे आणि पारखणे

एकच चाक बदलत असलात तरी त्या चाकाची बेअरिंग आणि ऑइल सील नवी घालावीत. मागचे चाक असेल तर हबमधली रबरे दाबून पाहावीत. ती कडक झाली असतील तर बदलावीत. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का आणि तारखेचे चार आकडे काय सांगतात ते स्वतः पाहावे: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एक्सलचा नट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळून घ्यावा आणि बॅलन्सिंग आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. चाक बसल्यावर ब्रेकचा लिव्हर दोन-चार वेळा दाबून घट्ट लागतो का पाहावे, मगच गाडी स्टँडवरून उतरवावी.

पहिली फेरी सकाळी लवकर, रहदारी नसताना, सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर मारावी. वेग चाळीस, मग साठ, मग ऐंशी असा पायरीपायरीने वाढवावा. थरथर हँडलला जाणवली तर पुढचे चाक, सीटला आणि पायदानाला जाणवली तर मागचे, असा पहिला संशय घ्यावा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, त्यामुळे पहिले दीड-दोनशे किलोमीटर त्याला जोराने झुकवू नये आणि एकदम ब्रेक मारू नये. उज्जैनचा सरळ रस्ता यासाठी सोयीचा आहे, जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर होतात. घाट त्यानंतर. प्रवासाला जितके सामान न्यायचे आहे तितके सगळे बांधून, शक्य असल्यास मागच्या माणसासह, एकदा मांडूला जाऊन यावे. परत आल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घ्यावी, तीच नायलॉनची पट्टी लावावी, स्पोक पुन्हा वाजवावेत आणि पहिल्या दिवशी टिपलेल्या आकड्यांशी आजचे आकडे ताडून पाहावेत. नवे भरलेले स्पोक पहिल्या पाचशे किलोमीटरांत थोडे बसतात, तेव्हा ती मजल पूर्ण झाल्यावर त्यांचा ताण आणखी एकदा त्याच मिस्त्रींकडून तपासून घ्यावा, आणि परिक्रमेची तारीख ही तपासणी झाल्यानंतरच धरावी.